फेट, जिओजेब्रा आणि दहावीची ऑनलाइन बॅच: वर्षभर वापरून झाल्यावर

सिम्युलेशन, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचा प्रयोग, शिक्षकाने स्वतःच्याच स्क्रीनवर चालवून दाखवायचं असेल, तर यूट्यूबचा व्हिडिओ काय वाईट? लिंक मुलांना द्या, खटपट त्यांनाच करू द्या. फरक तिथेच पडतो.

माझ्या विज्ञानाच्या ऑनलाइन बॅचमधली मुलं नववी-दहावीची, सेमी इंग्रजीची, कोथरूडपासून हडपसरपर्यंत विखुरलेली. बऱ्याच जणांकडे फक्त मोबाइल. सगळ्यात जास्त वापरलं ते फेट. कोलोरॅडो विद्यापीठात नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली सुरू केलेला हा विज्ञान-गणिताच्या सिम्युलेशन्सचा प्रकल्प. फुकट आहे, लॉगिन लागत नाही, बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत.

विद्युत परिपथाचं सिम्युलेशन उघडलं की पोरं आधी शॉर्टसर्किट करून सेल पेटवतात. पेटवू द्या दोन मिनिटं. मग बांधायच्या आधीच विचारायचं: दोन सारखे बल्ब एकसर जोडले तर कुठला जास्त उजळेल? हमखास उत्तर येतं, ‘सेलजवळचा, त्याला करंट आधी मिळतो.’ स्वतः जोडून दोन्ही सारखेच मंद दिसले की चॅटमध्ये जी भांडणं होतात, तोच खरा तास. एक सेटिंग मात्र बघून ठेवा. सुरुवातीला त्यात इलेक्ट्रॉन धावताना दिसतात, म्हणजे पुस्तकातल्या बाणाच्या उलट. सांकेतिक धारा (पुस्तकातल्या बाणाच्या दिशेची) निवडून ठेवली नाही तर अर्धा तास त्यातच जातो.

मोबाइलवर सिम्युलेशन उघडलं की गूगल मीटचा तास मागे जातो, मुलांना फक्त आवाज येतो. म्हणून सूचना आधीच ग्रुपवर टाकते. गुरुवारी लाइट जाणार हे पुण्यात गृहीतच धरायचं. फाइल लॅपटॉपवर उतरवलेली असली की नेट नसतानाही चालते.

‘भिंगे’ या धड्याला जिओजेब्रा, म्हणजे आकृत्या सरकवून बघता येणारं गणिताचं सॉफ्टवेअर. बहिर्वक्र भिंगाचा सहा ओळींचा तक्ता पाठ करणारी मुलं वस्तू नाभीकडे सरकवतात, प्रतिमा लांब लांब पळत स्क्रीनबाहेर जाते, आणि तक्ता आपोआप मागे पडतो. तयार साहित्य कुणीही टाकलेलं असतं, तेव्हा चिन्हसंकेत (कुठलं अंतर धन, कुठलं ऋण) आधी तपासा.

घड्याळ लावलेल्या क्विझ मी सोडल्या. ज्याचा अंगठा चपळ तो पहिला. विचार करणारी पोरगी शेवटच्या नंबरावर. टायमर बंद करता आला तरच घेते.

आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण सिम्युलेशनवर मिळत नाहीत. स्क्रीनवर जोड कधी सैल पडत नाही, वायर सोलावी लागत नाही. त्यासाठी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या देवळाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन सेल, होल्डर आणि बल्ब आणायला सांगतेच.