गाडीवर लांबून दिसावं म्हणून काय काय लावलं: पावसाळा ते ऊस हंगाम, वापरानंतरचा अनुभव

मी जयसिंगपूरहून शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला जातो. पाळ्यांची नोकरी, त्यामुळे कधी अंधारात निघायचं तर कधी अंधारात परतायचं. गाडी १२५ सीसीची, काळ्या रंगाची. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी ठरवलं की गाडी आणि मी, दोन्ही दुसऱ्याला वेळेत दिसलो पाहिजे. मग एकेक वस्तू घेत गेलो. पावसाळा झाला, थंडीतलं धुकं झालं, उसाचा अख्खा हंगाम झाला. आता कशाचे पैसे वसूल झाले आणि कशाचे नाहीत, ते नीट सांगता येईल.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली आणि त्यातली ४४ टक्क्यांच्या आसपास दुचाकीवरची होती. तरीही आपल्याकडे गाडी सजवायची म्हटलं की दुकानदार आधी पुढचे दिवे दाखवतो. माझं मत आता पक्कं झालंय. सांगली–कोल्हापूरसारख्या रस्त्यावर आपण मागून आणि बाजूनं कसे दिसतो, याला पुढच्या उजेडापेक्षा जास्त महत्त्व आहे. पुढच्या उजेडाची सोय तशीही झालेली आहे. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू असताना बंदच होत नाही. समोरून येणारे अजूनही बोटं उघडमीट करून ‘लाइट चालू आहे’ असं खुणावतात. खुणावू देत. त्यांना आपण दिसलो, हेच त्यातून कळतं.

सगळ्यात आधी सेफ्टी जॅकेट. हिरवट-पिवळं, चंदेरी पट्ट्यांचं, रस्त्याच्या कामावरची माणसं घालतात तेच. मी दोन वापरली, एक दीडशे रुपयांचं आणि एक सहाशेच्या पुढचं. स्वस्तातल्या जॅकेटची पट्टी काही धुण्यांनंतर सालपटासारखी सुटायला लागली आणि उन्हात वाळत घालून कापडही फिकं पडलं. महागाचं अजून बरं आहे. चांगल्या जॅकेटच्या आतल्या लेबलवर किती धुण्यांपर्यंत ते टिकेल हे छापलेलं असतं. घेताना ते बघाच.

या जॅकेटमध्ये कापड दिवसाचं काम करतं आणि पट्टी रात्रीचं. कापडाचा रंग उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषतो आणि ते दिसणाऱ्या प्रकाशात बदलून बाहेर टाकतो. म्हणून ढगाळ हवेत, पहाटे उजाडताना, दिवेलागणीला ते कापड भोवतालापेक्षा उठून दिसतं. रात्री हेडलाइटच्या उजेडात ही जादू चालत नाही, आणि नारिंगी सोडियम दिव्याखाली तर ते कापड मळकट दिसतं. तिथून पुढचं काम चंदेरी पट्टीचं. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात. ज्या दिशेनं उजेड आला त्याच दिशेला ते तो परत पाठवतात.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. रात्री गाडी अंधारात लावा, वीसेक पावलं मागे या, मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि बघा. पट्टी झगझगते. आता डोळे तिथेच ठेवून टॉर्च कमरेपाशी न्या. तीच पट्टी विझल्यासारखी होते. ट्रकवाल्याची नेमकी हीच अडचण असते. त्याचे दिवे खाली आणि तो बसलेला उंच, त्यामुळे जवळ आल्यावर कारवाल्याला दिसते तितकी लख्ख पट्टी त्याला दिसत नाही. आमच्या रस्त्यावर ट्रक आणि ट्रॅक्टर भरपूर, म्हणून गाडीवर लावायला मी साधं रेडियम सोडून ट्रकच्या मागे असतं ते जाड, षटकोनी नक्षीचं रेडियम घेतलं. ते बरंच जास्त तेजस्वी असतं आणि पाण्यानं त्याची चमक फारशी मरत नाही. कापडावरची मण्यांची पट्टी मात्र चिंब भिजली की मंदावते. मागच्या मडगार्डवर लाल, पुढच्या फोर्कवर पांढरं आणि बाजूला पिवळं लावलं. मोठ्या गाड्यांना हाच संकेत असतो, त्यामुळे गाडीचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे बघणाऱ्याला विचार न करता कळतं.

खरी शिकवणी एका ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवाल्यानं केली. हातकणंगल्याजवळ चहाला थांबलो होतो. तो माझ्या मागून आला होता. त्याला विचारलं, ‘दादा, लांबून मी कसा दिसतो?’ तो म्हणाला, ‘दोन पट्ट्या दिसत्यात बघा. पर माणूस हाय का डांबाला काय लावलंय, ते जवळ आल्याबिगर कळत न्हाई.’ हे मला फार पटलं. दिसणं आणि ओळखू येणं यात अंतर आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते. समोर काहीतरी चमकतंय, ते काय आहे, हे ठरवण्यात मागच्याचा सेकंद-दीड सेकंद गेला तर त्याला ब्रेक लावायला रस्ताच उरत नाही.

म्हणून मग चाकांच्या रिमवर रेडियमच्या पट्ट्या लावल्या. सलग न लावता तुकड्यातुकड्यांत. बाजूनं उजेड पडला की ते तुकडे फिरताना दिसतात, आणि फिरणारी चाकं ही दुचाकीच असते. खर्च किरकोळ, वीज लागत नाही, वायर कापावी लागत नाही. अतिग्र्याच्या पुढे फाट्यावरून येणारी वाहनं पूर्वी अर्धी रस्त्यात आल्यावर थबकायची. आता बरीचशी आधीच थांबतात, असा माझा अनुभव आहे. लावण्याआधी रिम डिझेलनं पुसू नका. तेलकट थर राहतो आणि पट्टी सुटते. साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, आणि लावल्यावर एक रात्र गाडी हलवायची नाही.

पण रेडियमची मर्यादाही सांगितली पाहिजे. त्याला दुसऱ्याच्या दिव्याचा उजेड लागतो. समोरून येऊन उजवीकडे कारखान्याच्या रस्त्याला वळणारा ट्रॅक्टर एकाच दिव्यावर चालत असेल, किंवा आडव्या रस्त्यावरच्या गाडीचा झोत अजून आपल्यावर पडलेला नसेल, तर अंगभर रेडियम असूनही उपयोग नाही. तिथे आपलाच दिवा हवा. शिवाय एकट्या हेडलाइटवरून गाडी किती लांब आहे आणि किती वेगात येतेय याचा अंदाज बांधणं समोरच्याला कठीण जातं. त्यासाठी मी इंजिन गार्डवर खाली दोन पिवळे छोटे फॉग लाइट बसवले. वर हेडलाइट आणि खाली दोन दिवे असा त्रिकोण झाला, की जवळ येताना तो मोठा होत जातो आणि वेग समजतो.

फॉग लाइटबद्दल माझं मत मात्र अर्धंच चांगलं आहे. त्रिकोणाचा फायदा दिसतो, विशेषतः संधिप्रकाशात. पण मला मिळालेल्या स्विचमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात पाणी गेलं आणि दिवे आपोआप लागायला लागले. स्विच बदलला, वायरमनकडून वेगळा रिले आणि फ्यूज टाकून घेतला, तेव्हापासून तक्रार नाही. मूळ वायरिंग कापून जोडणी करू देऊ नका, वॉरंटीच्या वेळी तेच पुढे येतं. आणि दिव्यांचं तोंड खाली हवं. घरासमोरच्या भिंतीवर झोत टाकून बघा, तो हेडलाइटच्या रेषेच्या खालीच राहिला पाहिजे. समोरच्याचे डोळे दिपले तर त्याला आपण दिसत नाही, दिसतो तो नुसता उजेड. सध्या जे पांढरे भगभगीत एलईडी लावून लोक फिरतात, ते बघून मला मनापासून राग येतो. ते दुसऱ्याला आंधळं करून स्वतःला सुरक्षित समजतात.

लुकलुकणारा ब्रेक लाइटही लावून पाहिला. काढून टाकला. गर्दीत मागचे वैतागतात, आणि सतत लुकलुकणाऱ्या दिव्यावरून गाडी खरंच थांबतेय की नाही हे कळत नाही. त्यापेक्षा जुना बल्ब बदला आणि टेललॅम्पची काच रोज पुसा. पावसाळ्यात मागच्या चाकानं उडवलेला चिखल तिथेच बसतो. एचएसआरपी नंबर प्लेटचा पत्राही उजेड परत फेकणारा असतो, पण चिखलानं माखली की तीही गेली. माझ्या मते सगळ्यात जास्त फायदा देणारी वस्तू म्हणजे सीटखाली ठेवलेलं हे फडकं.

हेल्मेट बदलायचंच होतं, तर काळ्याऐवजी पांढरं घेतलं. यामागे आधार आहे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला १९९३ ते १९९६ दरम्यानच्या मोटरसायकल अपघातांचा अभ्यास झाला होता, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात परावर्तक किंवा फ्लोरोसंट कपडे घालणाऱ्यांना दुखापतीच्या अपघाताचा धोका ३७ टक्क्यांनी कमी आढळला, काळ्यापेक्षा पांढऱ्या हेल्मेटवाल्यांना २४ टक्क्यांनी, आणि दिवसा हेडलाइट लावणाऱ्यांना २७ टक्क्यांनी. जॅकेट घालणारा माणूस मुळातच जपून चालवणारा असू शकतो, हे धरलं तरी आकडे दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. त्याच अभ्यासात गाडीच्या रंगाचा किंवा समोरून दिसणाऱ्या साध्या कपड्यांच्या रंगाचा धोक्याशी काही संबंध दिसला नाही. त्यामुळे काळी गाडी विकायची गरज नाही. पांढऱ्या हेल्मेटच्या मागे मी रेडियमचे दोन छोटे तुकडे लावलेत. हेल्मेटवर थिनर किंवा स्प्रे रंग वापरू नका, कवच कमकुवत होतं. आयएसआय शिक्का बघूनच घ्या.

आता एक गोष्ट, जिच्याकडे फार कमी जण लक्ष देतात. जॅकेट घातलं आणि वर डब्याची सॅक अडकवली, की पाठीवरच्या पट्ट्या संपल्या. मागचा काय बघणार, काळी सॅक. रेनकोट चढवला तरी तेच. आमच्याकडे दुकानात रेनकोट मिळतात ते गडद निळे नाहीतर काळे. मागे बायको बसली की माझं जॅकेट तिच्या आड जातं, आणि तिच्या अंगावर थंडीत तपकिरी शाल. म्हणून जॅकेट नेहमी सगळ्यात बाहेर, रेनकोटच्याही वर, त्यासाठी एक माप मोठं घ्या. सॅकला मी पिवळं परावर्तक कव्हर घातलंय. आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरं जॅकेट डिकीत असतं. बायकोनं सुरुवातीला नको म्हटलं, आता ती स्वतःच मागून घेते.

चालवण्यातही थोडा बदल केला. ट्रॉलीच्या मागे चालताना मी तिच्या मधोमध राहत नाही, ट्रॅक्टरवाल्याचा आरसा मला दिसेल असा राहतो. आरसा दिसत नसेल तर त्यालाही मी दिसत नाही. कारच्या काचेशेजारच्या खांबाआड तर अख्खी दुचाकी लपते, म्हणून फाट्याजवळ वेग कमी करून लेनमधल्या लेनमध्ये जरा बाजूला सरकतो. हललेली वस्तू नजरेत येते.

सगळ्याचा खर्च मिळून फॉग लाइट सोडले तर दीड हजारांच्या आत बसला. रिमवरच्या पट्ट्या हंगामाच्या धुळीत घासून दोन ठिकाणी उचकटल्या, त्या बदलायच्या आहेत. जॅकेटला वर्ष होत आलं, तेही नवीन घेईन. सध्या शोधतोय ती वस्तू म्हणजे पिवळा रेनकोट, ज्याच्या बाहीवर आणि खांद्यावर परावर्तक पट्टी आहे आणि सॅक घेतली तरी ती झाकली जात नाही. सांगलीत दोन-तीन दुकानं पालथी घातली, निळ्याच्या पुढे कुणी जात नाही. कोल्हापूर-सांगलीत कुठं मिळत असेल तर सांगा, जूनच्या आधी घ्यायचा आहे.