शटरवाला कृष्णधवल की रंगीत डबा?

भाचा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन जुने टीव्ही बघून आला आणि अडकला: लाकडी शटरचा कृष्णधवल घेऊ, की नव्वदच्या दशकातला एकवीस इंची रंगीत?

विक्रेत्याचं 'एकदम चालू आहे' सोडून दे बाबा. रंगीत स्वस्त पडेल, लोकांना तो अडगळच वाटतो. पण उचलायला दोघं लागतात.

खरा प्रश्न आपल्या हवेचा. शटरच्या पट्ट्या मागून कापडावर चिकटवलेल्या असतात. जूनमध्ये लाकूड फुगलं की शटर अर्ध्यावर अडकतं. शिवाय वाळवी. रंगीतचं प्लास्टिक टिकतं, पण आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात. दमट दिवसांत धूळ ओली झाली की चर्र आवाज येतो. मागचं झाकण स्वतः उघडू नकोस. प्लग काढला तरी पिक्चर ट्यूबमध्ये विजेचा भार राहतो.

दुरुस्तीला कृष्णधवल सोपा: पडद्यावर चित्र उमटवणारा किरण सोडणारी इलेक्ट्रॉन गन एकच. रंगीतमध्ये तीन, त्या जुळवणारे हात आता कमीच.

चित्र बघायचं तर ॲनालॉग प्रक्षेपण बंद झालंय. रंगीतला एव्ही पिन असेल तर डीव्हीडी थेट लागतो. कृष्णधवलला बहुधा मॉड्युलेटर हवा, म्हणजे डीव्हीडीचा सिग्नल अँटेनाच्या जागी लावता येईल असा करून देणारी डबी.

जुने व्हिडिओ गेम खेळायचे असतील तर रंगीत घे. आजीच्या ओसरीवर, भिंतीला ओल नसेल तिथे, नुसता मिरवायचा असेल तर शटरवाला.