सगळं ओपन ठेवायचं की टीमप्रमाणे खोल्या पाडायच्या?

स्टुडिओसाठी गाळा घेतला की इंटिरियरवाला पहिलं हेच विचारतो. डिझाइन, कॉपीरायटिंग, एडिटिंग अशी मिक्स मंडळी असतील तर माझं मत आधीच सांगतो, टीमप्रमाणे खोल्या पाडा आणि मधली जागा सगळ्यांची ठेवा.

ओपनचं टोकाचं उदाहरण म्हणजे फेसबुकचं कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कचं ऑफिस, आर्किटेक्ट फ्रँक गेरीचं डिझाइन, २०१५ ला सुरू झालं, साधारण २८०० माणसांची सोय एकाच भल्यामोठ्या हॉलमध्ये. पिक्सार या अ‍ॅनिमेशन स्टुडिओने २००० मध्ये कॅलिफोर्नियातच एमरीव्हिलला उलटं केलं, मधे मोठा चौक, कॅफे, टपालाचे खण, मीटिंग रूम सगळं तिथेच, म्हणजे येताजाता माणूस माणसाला धडकणारच (पिक्सारचा तेव्हाचा मालक स्टीव्ह जॉब्सला टॉयलेटसुद्धा तिथेच एका जागी हवे होते, लोकांनी ऐकलं नाही, बरंच झालं), पण काम करायला अ‍ॅनिमेटर आपापल्या छोट्या खोल्यांत जातात.

ओपनवाले म्हणतात की भिंती पाडल्या की लोक बोलतात. २०१८ मध्ये बर्नस्टीन आणि टर्बन या हार्वर्डच्या दोघांनी ओपन होणाऱ्या कंपन्यांत लोकांच्या गळ्यात सेन्सर घालून मोजलं तर समोरासमोर बोलणं साधारण ७० टक्क्यांनी कमी झालं आणि मेल वाढले, आणि त्यात नवल काय, चारचौघांत कच्ची आयडिया बोलायला कोण धजावेल, त्यापेक्षा हेडफोन लावलेला बरा. अंतराचं म्हणाल तर एमआयटीच्या थॉमस अ‍ॅलनने दाखवलंय की साधारण ५० मीटरच्या पुढे गेलं की रोजचं बोलणं जवळजवळ संपतं, पण दोन हजार स्क्वेअर फुटांच्या गाळ्यात कोण कोणापासून ५० मीटर लांब बसणार आहे! तिथे अंतराचा प्रश्नच नाही, प्रश्न आवाजाचा आहे.

ओपन स्वस्त पडतं हे खरंय. पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलं तर आवाज वरून पलीकडे जातो, वरच्या स्लॅबपर्यंत न्यावं लागतं, मग प्रत्येक खोलीला एसी वेगळा, आग विझवायचे स्प्रिंकलर हलवा, खर्च वाढतोच. आठ-दहा जण आणि सगळे एकाच प्रोजेक्टवर असतील तर सरळ ओपन ठेवा, फक्त फोनवर बोलायला दाराची एक छोटी खोली हवीच, क्लायंटचे कॉल सगळ्यांनी ऐकायची गरज नाही.

तिसरा पर्याय म्हणजे कोणालाच फिक्स डेस्क नाही, त्यात पडू नका. लॉस एंजेलिसच्या शायट/डे या जाहिरात एजन्सीने १९९४ च्या सुमाराला हे केलं, रोज सकाळी फोन-लॅपटॉप काउंटरवरून घ्यायचे, लोक कागदपत्रं गाडीच्या डिकीत ठेवायला लागले, १९९८ मध्ये नवीन जागेत गेले तेव्हा पुन्हा ज्याचं त्याचं टेबल आलं.

गाळा भाड्याचा असेल तर लॉक-इन (म्हणजे जागा मधेच सोडता येत नाही तो काळ) किती वर्षांचा ते आधी बघा, जागा सोडताना जिप्समच्या भिंती काही सोबत नेता येत नाहीत. लॉक-इन एक-दोन वर्षांचाच असेल तर एडिटिंगला तेवढी पक्की खोली करा, बाकीच्यांना मधे उंच कपाटं उभी करून भागतं.