लिनिएज, मग ग्राफीन: काही महिने वापरल्यानंतर आणि बँकेच्या ॲपने हाकलल्यानंतर

हे लिहायचा मुहूर्त बँकेने काढून दिला. ॲप अपडेट झालं, उघडलं, आणि समोर दोन ओळी: 'आपले डिव्हाइस सुरक्षित नाही. ॲप बंद होत आहे.' खाली एकच बटण, 'ठीक आहे'. ठीक कसलं डोंबल! ज्या फोनवर मी हे वाचत होते त्यात ताजा सिक्युरिटी पॅच (सुरक्षेची दुरुस्ती) आहे, बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम) लॉक आहे, रूट (सिस्टिमवर पूर्ण ताबा) नाही. शेजारी बाबांचा फोन होता. अँड्रॉइड 10 वर अडकलेला, कंपनीने अपडेट देणं केव्हाच सोडलेला. त्यावर तेच ॲप, तेच व्हर्जन, मजेत चालू.

लिनिएजओएस आणि ग्राफीनओएस म्हणजे फोन कंपनीची अँड्रॉइड काढून तिच्या जागी टाकायच्या खुल्या अँड्रॉइड सिस्टिम. आधी पहिली वापरली, आता दुसरी वापरतेय, त्याची ही हकीकत.

सुरुवात जुन्या फोनपासून झाली. हार्डवेअर ठणठणीत, बॅटरी नवी बसवून घेतलेली, फक्त कंपनीचे अपडेट संपलेले. चालता फोन तेवढ्यासाठी मोडीत काढायला मी तयार नव्हते, म्हणून लिनिएजओएस 22 टाकलं, म्हणजे अँड्रॉइड 15. कंपनीच्या जाहिराती आणि काढता न येणारी ॲप्स गेली, फोन हलका झाला, अपडेट नियमित येऊ लागले. गूगलचं पॅकेज टाकायचं असेल तर ते पहिल्यांदा फोन चालू करण्याआधीच टाकावं लागतं. मागाहून सुचलं तर बहुतेकदा सगळं पुसून परत पहिल्यापासून.

तोटे दोन जाणवले. कॅमेरा आणि व्हिडिओ. कंपनीचं फोटो प्रोसेसिंग गेल्यामुळे रात्रीचे फोटो चिखल झाले. बूटलोडर उघडल्यावर वाइडवाइन, म्हणजे व्हिडिओंची चोरी रोखणारं कुलूप, एल1 या वरच्या पातळीवरून एल3 या खालच्या पातळीवर घसरलं, त्यामुळे पैसे भरून घेतलेल्या व्हिडिओ सेवा धुरकट दिसू लागल्या. हे दोन्ही मी सोसलं असतं. सोसवली नाही ती एक तारीख.

लिनिएजमध्ये सेटिंग्जच्या तळाशी फोनच्या माहितीत अँड्रॉइड व्हर्जनवर बोट ठेवलं की पॅचच्या दोन तारखा दिसतात. वरची अँड्रॉइडच्या सिक्युरिटी अपडेटची. खालची व्हेंडर सिक्युरिटी पॅच लेव्हलची, म्हणजे फोन आणि चिप बनवणाऱ्यांनी द्यायच्या दुरुस्त्यांची. माझी वरची तारीख चालू महिन्याची आणि खालची काही वर्षांपूर्वीची. एकदा ही जोडी दिसली की ती डोक्यातून जात नाही. दर अपडेटनंतर मी तिथे जाऊन बघायचे, वरची तारीख पुढे सरकलेली, खालची जागच्या जागी. दाराला दर महिन्याला नवं कुलूप, पण चौकटीला वाळवी.

कारण सरळ आहे. लिनिएजची मंडळी अँड्रॉइडचा खुला भाग दुरुस्त करू शकतात, कर्नलमध्येही (सिस्टिमच्या गाभ्यातही) जमेल तितकी ठिगळं लावतात. पण मोडेमचं फर्मवेअर (भागाच्या आतच बसवलेलं सॉफ्टवेअर), ग्राफिक्सच्या ड्रायव्हरचे बंद तुकडे, चिपच्या आतला सुरक्षित कप्पा सांभाळणारं सॉफ्टवेअर आणि खुद्द बूटलोडर हे फक्त फोन बनवणारी कंपनी आणि चिपची कंपनीच देऊ शकतात. त्यांनी हात झटकले की तो विषय संपला. आणि मोडेम म्हणजे बाहेरून हवेतून येणारं सगळं आधी उघडून बघणारा भाग. 'कंपनीने सोडलेल्या फोनला लिनिएज नवं आयुष्य देतं' हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं, आणि ते अर्धंच खरं आहे. कंपनीने सोडून दिलेल्या मूळ सिस्टिमपेक्षा लिनिएज नक्की बरं, ब्राउझर आणि सिस्टिममधली भोकं तरी बुजतात. पण फोन सुरक्षित झाला म्हणून पाठ थोपटून घेऊ नये.

दुसरी गोष्ट उघड्या बूटलोडरची. चालू करताना नारिंगी इशारा येतो, त्याकडे लोक 'येऊ दे रे' म्हणून काणाडोळा करतात. त्याचा अर्थ असा की सिस्टिम मूळची आहे की कोणी बदललीय हे फोन तपासत नाही. डेटा एन्क्रिप्टेड असतो हे खरं, पण फोन घटकाभर कोणाच्या हाती लागला आणि त्याने सिस्टिममध्ये काही घुसवलं, तर पुढच्या वेळी पिन तुम्हीच त्याच्या हवाली करता. मग लॉक का करत नाही? कारण बहुतेक फोनवर लिनिएज टाकून बूटलोडर परत लॉक केला तर फोनची वीट होण्याची, म्हणजे तो चालूच न होण्याची, शक्यता असते.

त्या खालच्या तारखेपायी शेवटी वापरलेला पिक्सेल 8ए घेतला. नवा घ्यायचा प्रश्नच नव्हता. हे मॉडेल मे 2024 मध्ये आलं आणि गूगल त्याला सात वर्षं अपडेट देणार आहे, म्हणजे मे 2031 पर्यंत खालची तारीखही सरकत राहील. माझ्या चिकटपणाला हे गणित मानवलं. वापरलेला घेत असाल तर एक गोष्ट हातात फोन असतानाच बघा: डेव्हलपर ऑप्शन्स या लपवलेल्या सेटिंग्जमधलं 'ओईएम अनलॉकिंग', म्हणजे बूटलोडर उघडू देणारं बटण. काही मोबाइल सेवा कंपन्यांनी विकलेल्या फोनांवर ते बटण कायमचं करडं असतं आणि मग कोणतंच ओएस टाकता येत नाही. फोनचा डबा कितीही चकाचक असो, ते बटण सरकत नसेल तर मुकाट परत द्यावा.

ग्राफीनओएस टाकणं हे लिनिएजपेक्षा फारच सोपं. ब्राउझरमधूनच होतं, केबल लावायची, पानावरची बटणं क्रमाने दाबत जायची. शेवटचं बटण महत्त्वाचं: बूटलोडर परत लॉक करणं. इथे तो लॉक होतो, कारण पिक्सेल दुसऱ्याची किल्लीही (सिस्टिम कोणाची आहे हे पडताळायची डिजिटल खूण) मान्य करतो. आता चालू करताना पिवळा इशारा येतो, हा फोन वेगळी सिस्टिम चालवतोय असा, आणि खाली त्या किल्लीचा लांबलचक ठसा. तो ग्राफीनच्या साइटवरच्या आकड्याशी पडताळता येतो. मी एकेक अक्षर ताडून पाहिलं. घरचे हसले. हसू देत.

गूगलच्या सेवा टाकायच्याच नाहीत असा माझा पण होता. तो टिकला नाही आणि त्याचं वाईटही वाटत नाही. गूगलची पुश सेवा (ॲप्सचे मेसेज फोनपर्यंत लगेच पोचवणारी) नसेल तर कित्येक ॲप्सचे मेसेज उशिरा येतात नाहीतर येतच नाहीत, आणि जी ॲप्स स्वतःची जोडणी उघडी ठेवतात ती बॅटरी खातात. मायक्रोजी हा दुसरा मार्ग, म्हणजे गूगलच्या सेवांची खुली नक्कल. /ई/ओएस तोच धरतं. ग्राफीनची रीत मला जास्त पटली. इथे गूगलची खरी प्ले सर्व्हिसेस चालते, पण साध्या ॲपसारखी, पिंजऱ्यात. कॉन्टॅक्ट, लोकेशन, मायक्रोफोन यांतलं तिला आपोआप काहीच मिळत नाही. परवानगी मागावी लागते, आणि मी 'नाही' म्हणू शकते. ती 'नाही' असूनही ॲप्स चालतात, हा माझ्यासाठी सुखद धक्का होता.

तसाच दुसरा धक्का म्हणजे नेटवर्कची परवानगी. ॲप टाकतानाच विचारलं जातं की याला इंटरनेट द्यायचं का. कीबोर्डला कशाला हवं इंटरनेट? कॅल्क्युलेटरला? गूगलचा कॅमेरा टाकला, नेट बंद ठेवलं, आणि रात्रीचे फोटो परत माणसांसारखे दिसू लागले. एखादं ॲप सगळे फोटो मागत असेल तर स्टोरेज स्कोप्समधून एकच फोल्डर पुढे करायचा. ॲपला वाटतं सगळं मिळालं.

कटकटी आहेतच. पिक्सेल 8 पासूनच्या चिपमध्ये मेमरी टॅगिंग आहे, म्हणजे ॲपने स्मृतीतल्या चुकीच्या जागी हात घातला की सिस्टिम त्याला तिथेच पाडते. हे मी सगळ्या ॲप्सना लावलं आणि नोट्स लिहायचं एक साधं ॲप दर थोड्या वेळाने कोसळू लागलं. दोष ॲपचाच, बाकीच्या फोनवर तो गुपचूप चालून जातो. त्या एका ॲपपुरती सवलत देता येते, पण ती सेटिंग शोधायला वेळ जातो. शिवाय बराच वेळ अनलॉक केला नाही तर फोन आपोआप रीस्टार्ट होतो. मुळात 18 तासांवर लावलेलं असतं. सुट्टीच्या दिवशी फोन बाजूला पडला की पिन टाकेपर्यंत बरीच ॲप्स मुकी राहतात. चोराच्या किंवा नको त्याच्या हाती लागलेला फोन पुन्हा कुलूपबंद व्हावा हा हेतू, आणि तो चांगला आहे. मी वेळ वाढवून घेतली.

आता बँक. हेल्पलाइनवरचा संवाद साधारण असा झाला.

'मॅडम, फोन रूट केलाय का?'

'नाही.'

'मग ॲप काढून परत टाका.'

'दोनदा टाकलं.'

'मग फोन कंपनीचा लेटेस्ट अपडेट टाका.'

त्या बिचाऱ्याचा दोष नाही, त्याच्या पडद्यावर तेवढंच लिहिलेलं असणार. खरी भानगड प्ले इंटिग्रिटीची आहे. ॲप गूगलला विचारतं, हा फोन कसा आहे? उत्तर तीन पायऱ्यांत येतं: बेसिक, डिव्हाइस, स्ट्राँग. डिव्हाइसची पायरी गूगलने प्रमाणित केलेल्या सिस्टिमलाच मिळते. ग्राफीन तशी प्रमाणित नाही, म्हणून बेसिकवरच अडतं. गूगलच्या वॉलेटमधून फोन टेकवून पैसे देणंही इथे त्याच कारणाने होत नाही. पॅच किती जुना आहे हा प्रश्न डिव्हाइसच्या पायरीवर विचारला जात नाही. स्ट्राँगसाठी अँड्रॉइड 13 आणि पुढच्या फोनना गेल्या वर्षभरातला पॅच लागतो, तोही नियम 2025 मध्ये आला. बाबांचा फोन डिव्हाइसच्या पायरीवर बसतो, बँक तेवढंच बघते, म्हणून तो 'सुरक्षित'. ही चाळणी फोन सुरक्षित आहे का हे बघत नाही, तो कोणाच्या कळपातला आहे हे बघते.

पर्याय आहे. अँड्रॉइडमध्ये हार्डवेअर ॲटेस्टेशन म्हणून सोय आहे, त्यात चिप स्वतः सही करून सांगते की बूटलोडर लॉक आहे, सिस्टिम अमुक किल्लीची आहे, पॅच अमुक तारखेचा आहे. बँकेने ग्राफीनच्या किल्ल्या आपल्या यादीत घातल्या की काम झालं. ते कसं करायचं हेही ग्राफीनने लिहून ठेवलंय. हे सगळं मी ईमेलमध्ये मांडून पाठवलं. 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे' असा मेसेज आला.

रूट करून खोटा ठसा, म्हणजे दुसऱ्या प्रमाणित फोनची ओळख, दाखवायची युक्ती चालते, असं पुष्कळ जण सांगतील. चालते, गूगल तो ठसा बाद करेपर्यंत. आणि ज्या लॉकसाठी एवढा आटापिटा केला तोच उघडून बँकेचं ॲप चालवायचं, याला काय अर्थ? मी बँकेची वेबसाइट ब्राउझरमधून वापरते. ओटीपी टाकावा लागतो, दोन टिचक्या जास्त. तुमची बँक वेबसाइटवर सगळे व्यवहार करू देत नसेल, ॲपच हवं म्हणत असेल, तर हा फोन एकुलता एक म्हणून घेऊ नका. आधी तुमच्या ॲपचं नाव घालून कोणाकडे चालतंय ते विचारा, आणि आज चालतंय म्हणजे पुढच्या अपडेटनंतर चालेलच असं धरू नका.

हे प्रकल्प थोड्या माणसांच्या खांद्यावर उभे असतात, ही भीतीही मनात ठेवा. सायनोजेनमॉड ही अशीच एक सिस्टिम डिसेंबर 2016 मध्ये बंद झाली, त्यातूनच लिनिएज उभं राहिलं. ऑगस्ट 2025 मध्ये कॅलिक्सओएस या अशाच दुसऱ्या सिस्टिमने अपडेट थांबवले. म्हणून परतीची वाट आधीच पाहून ठेवलीय. पिक्सेलवर गूगलची मूळ सिस्टिम ब्राउझरमधूनच परत टाकता येते, फक्त बूटलोडर लॉक करण्याआधी ग्राफीनची किल्ली फोनमधून पुसायला विसरायचं नाही, आणि अनलॉक करताना सगळा डेटा उडतो, तेव्हा बॅकअप आधी घ्या.