‘ओरिजिनल’ सोल्डरिंग बिटांच्या नावाखाली ७,४६० रुपयांना फसवलं. पैसे भरण्याआधी हे वाचा

आकडे आधी सांगतो. ९००एम जातीची ३६ बिटं (बिट म्हणजे सोल्डर वितळवणारं, काढता-घालता येणारं टोक), १८५ रुपये नग, म्हणजे ६,६६०. टिप टिनरच्या (काळ्या पडलेल्या बिटावर पुन्हा कथील चढवणाऱ्या मसाल्याच्या) दोन डब्या, ३४० प्रमाणे ६८०. कुरिअर १२०. एकूण ७,४६० रुपये, ऑनलाइन विक्रेत्याला, तेही आगाऊ. पाकिटावर हाक्को या जपानी कंपनीचं नाव आणि आत दोन जातींचा कचरा. त्या बिटांनी काम करताना दुरुस्तीला आलेल्या एका इन्व्हर्टर एसीच्या बोर्डाचे पॅड, म्हणजे जोड द्यायचे तांब्याचे ठिपके, उखडले. त्याची भरपाई ग्राहकाला ४,२०० रुपये दिली. म्हणजे ११,६६० रुपये गेले.

पैशापेक्षा जास्त झोंबलं ते विक्रेत्याचं उत्तर: ‘माल ओरिजिनल आहे, तुम्हाला बिट सांभाळता येत नाही.’ रोज सोल्डरिंगवर पोट असलेल्या माणसांना हे ऐकून घ्यावं लागतं. तक्रार ऐकणाऱ्यांनाही यातलं काही कळत नसल्याने ते मान डोलावतात. म्हणून बिट कसं सांभाळतात, ते कशाने मरतं आणि ते मुळातच खोटं असेल तर कसं ओळखायचं, हे सगळं इथे लिहितो आहोत. उद्या तुम्हाला कुणी हेच ऐकवलं तर गप्प बसावं लागू नये.

‘स्वस्ताच्या मागे लागलात’ असं म्हणणाऱ्यांसाठी आधीच सांगतो. शंभर रुपयांत पाच बिटांचं पाकीट मिळतं, ते काय असतं हे आम्हाला माहीत आहे आणि आम्ही ते घेत नाही. इथला दर नेहमीच्या दरापेक्षा थोडाच कमी होता, घाऊक खरेदीत एवढा फरक पडतोच. बिल होतं, त्यावर जीएसटी क्रमांक होता. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या आमच्या नेहमीच्या दुकानात हव्या त्या आकारांचा माल संपला होता. यातलं काहीच संशय येण्यासारखं नव्हतं. हल्लीचे भामटे फार स्वस्त विकतच नाहीत. खऱ्याच्या जवळचा दर लावतात, म्हणूनच त्यांचं फावतं.

आता बिटाची रचना. चांगल्या बिटाचा गाभा तांब्याचा असतो, कारण तांबं लोखंडापेक्षा सुमारे पाचपट चांगली उष्णता वाहून नेतं. पण वितळलेलं कथील तांबं विरघळवतं, म्हणून वर लोखंडाचा मुलामा असतो, साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जाडीचा. टोकाचा कामाचा भाग कथलाने मढवलेला आणि त्याच्यामागे क्रोम, म्हणजे सोल्डर वर चढत नाही. बिटाचं सगळं आयुष्य त्या लोखंडी थरावर असतं. तो थर भेदला की आतलं तांबं झपाट्याने खाल्लं जातं, टोकाला खळगा पडतो आणि बिट संपतं. जुन्या साध्या तांब्याच्या बिटांना कानस मारून टोक काढायचे. मुलाम्याच्या बिटाला कानस लावलीत तर ते त्याच क्षणी मेलं.

आमच्या डोळ्यांसमोर जे होतं आणि ज्याची अजून चीड येते, ते इथे सांगतो. खऱ्या नव्या बिटावर सीमारेषा दिसते: टोक रुपेरी, कथलाचं, आणि त्याच्यामागे वेगळ्या झाकेचं क्रोम. या बिटांवर ती रेषाच नव्हती. बुडापासून टोकापर्यंत एकसारखी चकाकी. ‘नवा माल आहे, पॉलिश चांगलं आहे’ असंच कुणालाही वाटेल. पहिल्यांदा गरम केल्यावर ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डरची तार टोकाला लावली, तर सोल्डर पसरण्याऐवजी गोळी होऊन खाली पडलं. खरं नवं बिट पहिल्या सेकंदाला सोल्डर घेतं, तिथे कौशल्याचा प्रश्नच नसतो. त्याच क्षणी खोकं बंद करून परत पाठवायला हवं होतं. पण कामाच्या माणसाला आधी स्वतःच्या टेबलावरच शंका येते: पाणी कठीण असेल, तार जुनी असेल, फ्लक्स (धातूवरचा काळा थर काढून सोल्डर पसरवणारा पदार्थ) संपला असेल. या प्रामाणिक शंकेत परतीची मुदत निघून जाते आणि विक्रेता नेमकं हेच धरून चालतो.

तर ‘सांभाळणं’ म्हणजे काय, हे त्याला आणि त्याची वकिली करणाऱ्यांना ऐकवू. नवं बिट थेट ३५० वर तापवायचं नाही. स्टेशन (बिटाचं तापमान ठरवणारं यंत्र) २५० अंश सेल्सिअसवर ठेवायचं आणि सोल्डर वितळायला लागताच फ्लक्स भरलेली तार टोकाभोवती फिरवायची, म्हणजे हवा लागून लोखंड काळं पडायच्या आत त्यावर कथील बसतं. भांड्याला कल्हई असते तसंच हे, पण ही कल्हई दिवसभर पुन्हापुन्हा करावी लागते. त्यानंतर तापमान वाढवायचं. शिशाच्या सोल्डरला (६३/३७ चा वितळबिंदू १८३) ३२० ते ३५० पुरतं. शिसेविरहित सॅक३०५ सुमारे २१७ ला वितळायला लागतं, त्याला ३५० ते ३८०. त्यात कथील ९६.५ टक्के असल्याने ते लोखंडी थरही लवकर खातं. ४०० च्या वर बिट सतत ठेवणं म्हणजे ते जाळणं.

पुसण्याची वेळ बहुतेक जण चुकवतात. जोड द्यायच्या आधी पुसायचं, झाल्यावर नाही. काम झाल्यावर टोकावर राहिलेलं सोल्डर तसंच ठेवायचं, तेच हवेपासून राखतं. स्टँडवर ठेवताना आणि बंद करताना टोकावर ताज्या सोल्डरचा जाड थेंब हवा. पुसून चकचकीत करून बंद केलेलं बिट सकाळी काळं मिळतं. दहा मिनिटं काम थांबणार असेल तर तापमान २०० वर आणा, नाहीतर सरळ बंद करा.

स्पंज सेल्युलोजचा हवा. भांडी घासायचा स्पंज वितळून टोकाला चिकटतो. भिजवून घट्ट पिळायचा, बोटाने दाबल्यावर पाणी वर यायला नको. थबथबीत स्पंजवर बिट एकदम थंड होतं आणि या धक्क्यांनी मुलाम्याला चिरा जातात. पाणी आरओचं किंवा डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्यातला क्षार टोकावर भाजून बसतो. त्याहून बरी पितळी तारेची जाळी. पितळ लोखंडापेक्षा मऊ, ओरखडा काढत नाही आणि बिट थंडही होत नाही. स्टीलची घासणी मात्र कधीच नाही.

फ्लक्स रोझिनचा. जस्ताच्या क्लोराइडची पेस्ट पत्रेकामाची आहे. ती बिट खाते आणि बोर्डावर राहिली तर ट्रॅकही खाते. ९००एम बिट हीटरवर मोज्यासारखं बसतं, म्हणून ते अधूनमधून थंड असताना काढून आतली काळी पूड झटकायची. नाहीतर बिट हीटरवर जाम होतं आणि ओढताना सिरॅमिक तुटतं. नट पक्कडीने आवळू नका.

हे सगळं आमच्या टेबलावर चालतं आणि जुनी खरी बिटं त्याच टेबलावर, त्याच तारेने, त्याच स्पंजावर चांगली चालत होती. शेजारच्या स्टँडवर खरं बिट रुपेरी आणि हे नवं दुपारपर्यंत काळं! याहून मोठा पुरावा कोणता? पण तो ऐकायला कुणी तयार नाही.

विक्रेत्याने वर सल्ला दिला: ‘४५० ला लावा, मग पकडेल.’ याहून घातक सल्ला नाही. सोल्डर पकडत नसलेल्या बिटाचं तापमान वाढवलं की काळा थर आणखी जाड होतो, उष्णता आणखी कमी जाते, मग माणूस आणखी वाढवतो. काळं पडलेलं बिट वाचवायचं तर उलट करायचं: २५० ला आणायचं, पितळी जाळीत खुपसायचं, तार लावायची, पुन्हा जाळी, पुन्हा तार. नाहीच झालं तर टिप टिनरमध्ये एक-दोन सेकंद टेकवायचं, पुसायचं आणि लगेच ताजं सोल्डर चढवायचं. नवसागराची वडी हेच काम करते, पण तिच्या क्लोराइडने बिट झिजतं आणि धूरही वाईट. ती शेवटचा उपाय म्हणून, बोर्डापासून लांब.

आणि त्याच्या ३४० रुपयांच्या डबीत टिनर नव्हतंच. खऱ्या टिप टिनरमध्ये सोल्डरची भुकटी असते. वडी राखाडी आणि कडक, बिट टेकवलं की कथील चढूनच बाहेर येतं. आम्हाला मिळाली ती पिवळट, ग्रिससारखी मऊ पेस्ट, कथलाचा कणही नाही. बिट ओलं होऊन बाहेर आलं, वर आंबट पांढरा धूर.

मग बिटं हॅक्सॉने उभी चिरली. चाकूच्या आकाराची (के) बिटं आतून करडी, तांब्याचा पत्ताच नाही. मोरचुदाचं पाणी त्या कापावर लावलं तर लालसर तांबं बसलं, म्हणजे आत लोखंड. टोकदार बिटं मात्र तांब्याचीच निघाली, पण लोखंडी थर नाहीच, वर नुसती चमक. त्यांना टोकाला खळगे पडले. एकाच पाकिटात दोन वेगळ्या लबाड्या. लोहचुंबकाच्या चाचणीवर विसंबू नका. खऱ्या बिटावर लोखंडाचा थर असल्याने चुंबक त्यालाही ओढतो. ‘चुंबक चिकटत नाही म्हणजे शुद्ध तांबं, म्हणजे ओरिजिनल’ असं सांगणारा विक्रेता तुम्हाला बिनमुलाम्याचं बिट विकतो आहे. कापल्यावर तांब्याभोवती करड्या धातूची स्पष्ट कड दिसली पाहिजे. घाऊक मालातलं एक बिट कापण्यात वाया गेलं तरी चालेल.

बोर्ड का गेला? या स्टेशनचा सेन्सर हीटरमध्ये असतो, टोकात नाही. पडद्यावर ३५० दिसतं, पण लोखंडी गाभ्यातून टोकापर्यंत उष्णता येतच नाही. टिप थर्मामीटरवर ३५० च्या जागी २९० मिळाले. मोठ्या ग्राउंड पट्ट्यावर टेकवलं की टोक आणखी थंड होतं, सोल्डर अर्धवट वितळतं, बिट जास्त वेळ दाबून धरावं लागतं आणि पॅड कागदासारखा सुटून येतो. खऱ्या बिटाने जो जोड दोन-तीन सेकंदांत होतो, तिथे या कचऱ्याने ४,२०० रुपयांचा बोर्ड घेतला.

तक्रारीचं काय झालं तेही ऐका. ऑनलाइन बाजारपेठेने आधी ‘विक्रेत्याशी बोला’ म्हटलं, मग ‘परतीची मुदत संपली’. कापलेल्या बिटांचे फोटो पाठवले तर उत्तर आलं, ‘वस्तू वापरलेली आणि खराब केलेली आहे.’ कापल्याशिवाय आत काय आहे ते कसं दाखवायचं? ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायला हवं. पोच आली, तीही मशिनची, निवारण कुठेच नाही. ग्राहक तक्रारीच्या फोनवर सांगितलं, ‘दुकानासाठी घेतलंत म्हणजे तुम्ही ग्राहक नाही.’ हे साफ चुकीचं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये व्यावसायिक खरेदी वगळली असली, तरी स्वतःच्या रोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू त्यातून वाचवली आहे, तसं स्पष्टीकरण कलम २(७) मध्येच आहे. ते वाचून दाखवलं तर फोन ‘वरिष्ठांकडे’ गेला आणि बंद झाला.

पोलीस चौकीत विचारलं, ‘सात हजारांच्या खिळ्यांसाठी आलात?’ त्यानंतर: बनावट ब्रँडची तक्रार कंपनीने करावी. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे जप्तीसाठी उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी आणि रजिस्ट्रारचं मत लागतं, हे खरं आहे. पण आमची तक्रार ट्रेडमार्कची नव्हती, फसवणुकीची होती. ती लिहूनही घेतली नाही. नुसता अर्ज घेऊन शिक्का मारून द्यायलाही नकार. हाच विक्रेता आज दुसऱ्या नावाने तीच बिटं विकतो आहे, फोटोही तेच. कुणाला काही पडलेली नाही!

खोकं उघडताना व्हिडिओ काढा, पाकिटाच्या चारही बाजू सलग दिसू द्या. पहिल्याच दिवशी प्रत्येक आकाराचं एक बिट २५० ला तापवून सोल्डर लावून बघा, गोळी झाली तर बाकीची उघडू नका. फोनवर बोलू नका, सगळं लेखी. विक्रेत्याचा ‘४५० ला लावा’ हा निरोपही जपून ठेवा. टी१२ जातीची (हीटर आतच असलेली) बिटं घेत असाल तर मल्टिमीटर लावा, थंड असताना साधारण ८ ओहम दिसायला हवेत. पण आकडा बरोबर आला म्हणजे मुलामा खरा, असं नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा टाकता येतो आणि मुदत दोन वर्षांची आहे. आमचा दावा तिथेच जाणार आहे. विक्रेता ‘माल परत पाठवा, मग बघू’ म्हणेल. सगळा माल परत पाठवू नका. न वापरलेली दोन-तीन बिटं सीलबंद पाकिटासकट स्वतःकडे ठेवा, नाहीतर आयोगापुढे दाखवायला हातात काहीच उरणार नाही.