स्टार्टर नसलेली जुनी चेन सॉ : घेण्याआधीची तपासणी आणि एका मोसमाच्या वापरानंतरचा अनुभव

"फक्त स्टार्टर नाही, बाकी मशीन ओके." जुनी चेन सॉ विकणाऱ्याच्या तोंडी हे वाक्य हमखास असतं. माझं म्हणणं असं की, स्टार्टर, म्हणजे दोरी ओढून इंजिन फिरवायचा भाग, नसणं हा दोष तसा लहान आहे, पण त्याच्याआड इंजिनाची अख्खी तब्येत झाकली जाते. दोरी ओढता येत नाही म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) हाताला लागत नाही, ठिणगी दिसत नाही, कार्बोरेटर पेट्रोल खेचतो की नाही ते कळत नाही. त्यामुळे अशी मशीन एकतर चालू स्टार्टर सोबत नेऊन, सुरू करून, आवाज ऐकून घ्यावी, नाहीतर इंजिन मेलेलं आहे असं धरून सुट्या भागांचा भाव द्यावा. मधला भाव देऊ नये.

मी घेतली ती स्टिल कंपनीची एमएस २५०. ४५.४ सीसी, २.३ किलोवॅट, म्हणजे तीन हॉर्सपॉवरच्या थोडी वर. बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन सोडून वजन ४.६ किलो. आमची दापोली तालुक्यात आंब्या-काजूची बाग आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यात आमच्या पट्ट्यात आंबे, माड, पोफळी किती आडव्या झाल्या ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्यानंतर गावोगाव चेन सॉ आल्या. त्यातल्या बऱ्याच पुढे पडवीत नाहीतर गोठ्यात पडून राहिल्या आणि आता एकेक करून विकायला निघतायत. माझीही त्यातलीच. दिवाळीनंतर घेतली, आता मिरग जवळ आलाय, म्हणजे छाटणीपासून जळाऊ लाकडापर्यंतचा एक मोसम तिने पूर्ण काढला आहे.

बघायला गेलो तेव्हा डावीकडचं स्टार्टरचं कव्हर जागेवर नव्हतं आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं पंख्यासारख्या पात्यांचं चाक, उघडं दिसत होतं. पहिला प्रश्न विचारला तो स्टार्टर कुठे गेला हा. उत्तर आलं, "दादा, दुसऱ्या मशीनला लावला." हे उत्तर बहुतेक ठिकाणी मिळतं आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण त्यावर पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: दोन मशिनींपैकी हिचाच स्टार्टर का काढला? चालू मशीनचा भाग काढून दुसरीला लावायला कोणी सहसा धजत नाही. आधीच बंद पडलेल्या मशीनचेच भाग निघतात. मग ती का बंद पडली होती, यावर सगळं ठरतं. इथे विकणाऱ्याने सरळ सांगितलं की कार्बोरेटरमधून पेट्रोल गळत होतं आणि दुरुस्तीला न्यायला वेळ झाला नाही. हे पटण्यासारखं होतं, पण शब्दावर न जाता तपासायचं मी आधीच ठरवलं होतं.

ओळखीच्या मेस्त्रींकडून एक चालू स्टार्टर मागून नेला होता. स्टिलच्या २१०, २३० आणि २५० या तिन्ही एकाच घराण्यातल्या, त्यांचा स्टार्टर एकमेकांना बसतो. १८० चा मात्र वेगळा, तो बसत नाही. हे आधी विचारून जायचं, नाहीतर खेप फुकट जाते. बाकी सोबत प्लगपाना, टॉर्क्सचा (ताऱ्याच्या आकाराच्या स्क्रूचा) टी-२७ पाना, नवा प्लग, कॉम्प्रेशन गेज, बाटलीत ताजं ऑइल मिसळलेलं पेट्रोल आणि मोबाइलचा टॉर्च एवढंच.

स्टार्टर लावायच्या आधी, फ्लायव्हील उघडं आहे तोवर, जे बघायचं ते बघून घ्यावं. कव्हर आलं की ही संधी जाते. फ्लायव्हीलची पाती तुटलेली आहेत का? मशीन झाडावरून किंवा टेम्पोतून आपटली असेल तर स्टार्टर फुटतो, आणि त्याच मारात पातीही जातात. पाती गेली की इंजिनाला थंड ठेवणारी हवा कमी मिळते आणि फिरताना तोल जातो. स्टार्टरचा प्लास्टिकचा दात जिथे पकडतो ती फ्लायव्हीलच्या मध्यावरची जागा घासून गोल झालीय का? तसं असेल तर नवा स्टार्टर लावूनही दोरी सटकतच राहते. मग फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून पाहिलं. जराही खटखट लागली असती तर क्रँकचं बेअरिंग गेलेलं, आणि मी तिथूनच परत फिरलो असतो. खेळ नव्हता. फ्लायव्हीलच्या मागे ऑइलचा ओला, काळा थर असेल तर ऑइल सील पाझरतंय. इथे भुसा होता, पण कोरडा.

काही जण सांगतात की फ्लायव्हीलच्या नटावर सॉकेट बसवून ड्रिलने इंजिन फिरवा आणि सुरू होतं का बघा. हे करू नका. इंजिन ज्या दिशेने चालतं, त्याच दिशेने तो नट सैल होतो, म्हणजे ड्रिल लावलं की नट उघडणार किंवा फ्लायव्हील जागेवरून सरकून टायमिंग बिघडणार. दुसऱ्या बाजूच्या क्लचचे आटे उलटे असतात, तिथेही हाच प्रकार. आणि चुकून इंजिन पेटलंच तर हजारो फेऱ्यांनी फिरणारं उघडं चाक हातात आणि सॉकेट त्याला अडकलेलं. नट घट्ट होण्याच्या दिशेने पाना धरून हाताने सावकाश एक फेरा फिरवायला हरकत नाही. प्लग जागेवर ठेवून फिरवलं तर वर येताना ते अडायला हवं आणि वरचं टोक ओलांडलं की पुढे ढकलल्यासारखं सुटायला हवं. अख्खा फेरा लोण्यासारखा गेला तर आत काही उरलेलं नाही.

सर्वात महत्त्वाची पायरी सायलेन्सरची. तो काढायला पाच मिनिटं पुरतात आणि एक्झॉस्टच्या तोंडातून पिस्टन समोर दिसतो. बरेच विकणारे इथे कुरकुर करतात. जो सायलेन्सर काढू देत नाही त्याची मशीन घेऊ नये, मग भाव कितीही उतरो. टॉर्च मारून फ्लायव्हील हळू फिरवलं, पिस्टन खाली गेला, वर आला. पिस्टनच्या अंगावर कारखान्यातल्या घडणीच्या बारीक आडव्या रेघा अजून दिसत होत्या आणि रिंग सगळीकडे सारखी चमकत होती. यापेक्षा चांगली खूण दुसरी नाही. उभे ओरखडे दिसले असते तर कोणीतरी ऑइल न घालता किंवा कमी घालून चालवलेली, हे उघड होतं. टू-स्ट्रोकमध्ये वंगण पेट्रोलातूनच जातं. एकदा नुसतं पेट्रोल भरून चालवली की एक्झॉस्टच्या बाजूने पिस्टन सिलिंडरला घासतो आणि ॲल्युमिनियम सिलिंडरच्या भिंतीला चिकटतं. उसनी दिलेली मशीन बहुतेक अशीच मरते. कार्बोरेटरच्या बाजूला ओरखडे असतील तर कारण वेगळं असतं, फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेलेला भुसा आणि माती.

मग मेस्त्रींचा स्टार्टर चार स्क्रूंनी बसवला, प्लगच्या जागी गेज लावला, थ्रॉटल पूर्ण दाबून, चोक उघडा ठेवून काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढली. १४० पीएसआयच्या आसपास आला. १२० च्या वर असेल तर निर्धास्त, १०० च्या खाली असेल तर सोडून द्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: गाडीच्या गॅरेजमधला लांब पाइपचा गेज, ज्याचा व्हॉल्व्ह वर डायलकडे असतो, तो एवढ्याशा सिलिंडरला कमी आकडा दाखवतो. पाइपातली रिकामी जागाच दाब खाते. अशा गेजवर ९० दिसले म्हणून चांगली मशीन हातची जाऊ शकते. व्हॉल्व्ह प्लगच्या टोकाशी असलेला गेज हवा.

ठिणगी जोरदार होती. पेट्रोल मात्र विकणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे कार्बोरेटरच्या खालून ओघळत होतं. तरी ती सुरू झाली, थोडी धूर ओकत, आणि रेस घेतली. फांदीचे दोन-तीन तुकडे कापून ती गरम केली, बंद केली, चहा घेतला आणि पुन्हा दोरी ओढली. ही गरम चाचणी कोणी चुकवू नये. घासलेलं इंजिन थंड असताना कसंबसं सुरू होतं, पण गरम झाल्यावर हट्टाला पेटतं. ही लगेच सुरू झाली. आयडलवर ठेवून नाक वर, खाली, दोन्ही कुशींवर कलवून पाहिलं. आवाज वाढला असता तर कुठूनतरी हवा ओढतेय असं धरलं असतं. आयडलला चेन स्थिर होती, ब्रेक मारल्यावर जागच्या जागी थांबत होती. शेवटी कोरड्या कापलेल्या खोडासमोर बारचं टोक धरून रेस दिली, लाकडावर ऑइलची बारीक रेघ उमटली, म्हणजे चेनला ऑइल देणारा पंप ठीक.

आठ हजार सांगत होते, साडेसहाला सौदा झाला. बिल जुनं, पण होतं. बिल किंवा निदान मशीनवरचा नंबर शाबूत असल्याशिवाय जुनी चेन सॉ घेऊ नका, चोरीच्या मशिनी फिरतात.

आता वापराबद्दल. पहिल्याच आठवड्यात मेस्त्रींनी कार्बोरेटर उघडला. आतले पडदे वाळून कडक झाले होते, पेट्रोलची नळी बोटाने दाबली तर भेगा दिसत होत्या. पडद्यांचा किट, नळी, टाकीतला फिल्टर आणि मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. हे मशीनचं दुखणं नव्हतं, टाकीत पेट्रोल ठेवून महिनोन्महिने पडून राहिल्याचं होतं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या कोकणच्या दमट हवेत तर फारच लवकर खराब होतं. मी लागेल तेवढंच, लिटरभर पेट्रोल मिसळतो, कंपनीच्या टू-स्ट्रोक ऑइलला लिटरमागे २० मिली. काम संपलं की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. तेव्हापासून कार्बोरेटरची तक्रार नाही.

स्टार्टर बाजारातला घेतला, सहाशेच्या आसपास पडला. याबद्दल मन मोठं करून चांगलं लिहिता येत नाही. बसला बरोबर, पण दोरी हलकी होती आणि काजूची तोड चालू असतानाच तोंडाशी पिसकटली. दोरी बदलून कंपनीची घातली. पुढे दाताची बारीक स्प्रिंग वाकली, तीही बदलली. त्यानंतर मात्र नीट चालतोय. आज घ्यायचा झाला तर मी कंपनीचाच घेईन, कारण मशीनला जेवढ्या वेळा हात लागतो तेवढ्या वेळा हाच भाग ओढला जातो.

कामाला २५० उत्तम आहे. जुन्या हापूसच्या दाट झाडांची मधली फांदी उतरवणं, पडलेला फणस तोडणं, वाळलेला ऐन, किंजळ जळाऊ करणं, हे सगळं १६ इंची बारने आरामात झालं. ओला आंबा ती सहज खाते, वाळलेल्या किंजळाला मात्र चेन ताजी घासलेली हवी. पॉइंट ३२५ इंच मापाच्या चेनला ४.८ मिलिमीटरची गोल कानस लागते. प्रत्येक टाकी भरताना दोन-दोन फटके मारले की भुसा पिठासारखा न येता छान जाड कीस येतो. पीठ यायला लागलं आणि तुम्ही मशीन दाबायला लागलात की बार आणि क्लच दोन्ही जळतात. झाडावर चढून एका हाताने धरायला मात्र ही जड आहे. मी वरच्या फांद्या कोयत्याने आणि हातकरवतीनेच काढतो, चेन सॉ जमिनीवर, दोन्ही हातांत. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकू द्यायचा नाही, तिथूनच मशीन तोंडाकडे उसळते. हेल्मेट, तोंडावरची जाळी आणि जाड बूट यांचा खर्च मशीनच्याच हिशेबात धरा. आणि आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतात. आपल्या सातबाऱ्यावरचं झाड असलं तरी उभं झाड तोडायला परवानगी घ्यावी लागते.

मोसमाअखेर त्याच गेजने पुन्हा कॉम्प्रेशन बघितलं, काटा जवळपास तिथेच आला. सायलेन्सर काढून पिस्टनही बघितला, आडव्या रेघा शाबूत आहेत. आता फक्त क्लचच्या चक्राला चेनने चर पाडलेत. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल चर गेला की चक्र बदलायचं असतं, आणि जुन्या चक्रावर नवी चेन चढवली तर तीही लवकर खराब होते. म्हणून पाऊस सुरू व्हायच्या आत चक्र आणि चेन दोन्ही एकदम बदलून घेतोय.