गुडघा बदलल्यानंतरचे तीन महिने : फिजिओथेरपी घरी, दवाखान्यात की यंत्रावर?

डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या ओळीत 'फिजिओथेरपी नियमित चालू ठेवणे' एवढे चार शब्द लिहिलेले असतात, आणि मिरजेतून निघालेली गाडी तासगावच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यांचा नेमका अर्थ कोणीच विचारलेला नसतो. घरी पोचल्यावर मात्र तोच मोठा प्रश्न होऊन बसतो. फिजिओथेरपिस्टना घरी बोलवायचे, रुग्णाला दिवसाआड सांगलीला न्यायचे, गुडघा आपोआप वाकवणारे यंत्र भाड्याने आणायचे, की दवाखान्यात शिकवलेले व्यायाम घरच्यांनीच करून घ्यायचे? आईचा उजवा गुडघा बदलला तेव्हा यांपैकी तीन मार्ग आमच्याच घरात वापरून झाले आणि यंत्राचा मार्ग शेजारच्या घरात जवळून पाहता आला. ज्यांना येत्या काही आठवड्यांत हा निर्णय घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी ही तुलना आहे.

तुलना करण्यापूर्वी गुडघा किती वाकायला हवा, हे माहीत असावे. सपाट जागेवर चालताना तो सुमारे ६५ अंश वाकतो, जिन्याला साधारण ८५ ते १०० अंश लागतात आणि नेहमीच्या उंचीच्या खुर्चीतून सहज उठण्यासाठी ९५ ते १०५ अंश लागतात. म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत ९० अंशांच्या आसपास आणि सहा ते बारा आठवड्यांत ११० ते १२० अंशांपर्यंत पोचणे, हे सर्वसाधारण उद्दिष्ट मानले जाते. उकिडवे बसण्यासाठी याहून बरेच अधिक वाकावे लागते आणि बहुतेक बदललेले गुडघे तेथवर जात नाहीत, त्यामुळे घरात भारतीय पद्धतीचेच शौचालय असेल तर कमोडची खुर्ची शस्त्रक्रियेपूर्वीच आणून ठेवावी. मांडी घालण्याबाबत प्रत्येक शल्यचिकित्सकाचे मत वेगळे असते, म्हणून ते आपल्या डॉक्टरांनाच विचारावे. आमच्याकडे पूजेसाठी आईला खाली बसता यावे म्हणून वाट पाहण्याऐवजी देवघरच टेबलावर चढवले, आणि तो वाद पहिल्याच दिवशी मिटला.

आणखी एक गोष्ट आधी ठाऊक असती, तर आमच्या अपेक्षा जागेवर राहिल्या असत्या. शस्त्रक्रियेपूर्वी गुडघा जितका वाकत होता, त्यावरच नंतरचे वाकणे मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. दहा वर्षे आखडलेला गुडघा नवा बसवला म्हणून शेजाऱ्यांच्या गुडघ्याइतका वाकेलच असे नाही. अधिक वाकणारा म्हणून जो 'हाय-फ्लेक्स' सांधा सुचवला जातो, त्याबाबत दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये सांध्यांच्या कमाल किमती ठरवल्या, तेव्हा जीएसटी वगळता नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची किंमत ५४,७२० रुपये आणि हाय-फ्लेक्सची ५६,४९० रुपये होती. तुलनात्मक अभ्यासांत या दोहोंच्या वाकण्यात रुग्णाला जाणवेल असा फरक दिसलेला नाही. त्यामुळे निर्णयाची शक्ती सांध्याच्या प्रकारावर खर्च करण्यापेक्षा पुढच्या तीन महिन्यांच्या आखणीवर खर्च केलेली बरी.

घरी येणारे फिजिओथेरपिस्ट

पहिल्या दोन-तीन आठवड्यांसाठी याहून सोयीचा मार्ग नाही, असे माझे मत झाले आहे. टाके असतात, पायावर सूज असते, वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाणे हाच दिवसाचा मोठा प्रवास असतो, अशा वेळी तासभर गाडीत पाय लोंबकळत ठेवून दवाखान्यात जायचे आणि सुजलेला पाय घेऊन परत यायचे, यात व्यायामाचा निम्मा लाभ वाटेतच संपतो. घरी येणाऱ्या व्यक्तीला आणखी एक फायदा असतो, तो म्हणजे तिला घर दिसते. आमच्याकडे आलेल्या मॅडमनी आत पाऊल टाकताच व्यायामाचे नाव न काढता आईच्या पलंगाकडे पाहिले आणि विचारले, "काकू, ही उशी गुडघ्याखाली कोणी ठेवली?"

ती उशी मी ठेवली होती. पाय अवघडू नये म्हणून घरातले सगळे दर रात्री ती प्रेमाने सरकवून देत होतो, आणि आईलाही त्याने आराम वाटत होता. परिणाम असा झाला की बाराव्या दिवशी गुडघा ८० अंशांपर्यंत वाकत होता, पण सरळ करायला सांगितल्यावर १५ अंश वाकलेलाच राहत होता. गुडघा वाकण्याची चिंता सर्वांना असते, सरळ होण्याची कोणालाच नसते. वास्तविक पूर्ण सरळ न होणाऱ्या गुडघ्याने माणूस लंगडतो, मांडीचा स्नायू सतत ताणलेला राहून लवकर थकतो आणि कंबरही धरते. मॅडमनी तीच उशी काढून घोट्याखाली ठेवली, म्हणजे टाच उंच आणि गुडघ्याखाली मोकळी पोकळी, आणि दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटे तसेच पडून राहायला सांगितले. गुडघ्याची मागची बाजू गादीकडे दाबून पाच आकडे मोजायचे, हा मांडीच्या स्नायूचा व्यायामही त्याच स्थितीत करायचा. सहाव्या आठवड्यात ते १५ अंश ५ वर आले. दवाखान्यात गेलो असतो तर ती उशी कोणाच्या दृष्टीस पडली नसती.

या मार्गाच्या उणिवाही आहेत. एका भेटीचे शुल्क दवाखान्यातल्या भेटीपेक्षा सहसा अधिक असते, साधने पिशवीत मावतील तेवढीच येतात, आणि तालुक्याच्या गावी येण्यास तयार असणारी माणसे थोडी. त्याहून मोठी अडचण अशी की काही घरांत फिजिओथेरपिस्ट येऊन गेले म्हणजे त्या दिवसाचा व्यायाम झाला, असे रुग्ण मानू लागतो. पाऊण तासाच्या भेटीने गुडघा सुटत नाही. उरलेल्या तेवीस तासांत तो किती वेळा हलला, यावर ते ठरते.

दवाखान्यात जाऊन

चौथ्या आठवड्यापासून तराजू दुसरीकडे झुकू लागतो. जखम भरलेली असते, रुग्ण काठीवर आलेला असतो, आणि आता त्याला घरात नसलेल्या गोष्टींची गरज असते. कठडा असलेल्या सरावाच्या पायऱ्या, वजने, स्थिर सायकल ही साधने तिथे मिळतात. सायकलचे पायडल पूर्ण फिरण्यासाठी गुडघा सुमारे १०५ ते ११० अंश वाकावा लागतो, म्हणून आधी अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे, असे झुलवत ठेवतात आणि एखाद्या दिवशी पाय अचानक पलीकडे जातो. आई त्या दिवशी सायकलवरून उतरायला तयार नव्हती. तिथे आपल्याच वयाची, आपल्याच व्यथेची चार माणसे भेटतात, हाही लाभ कमी नाही. 'माझा शंभर झाला, तुमचा किती' या चौकशीने जे काम केले ते माझ्या आर्जवांनी केले नव्हते.

प्रवासाचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे करावा. ज्यांचे घर सांगलीत विश्रामबागला किंवा मिरजेत आहे, त्यांना दवाखाना रिक्षाच्या अंतरावर असतो आणि त्यांच्यासाठी हा मार्ग तिसऱ्या आठवड्यापासूनही चालेल. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडच्या माणसाला मात्र जाऊन-येऊन निम्मा दिवस लागतो, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे त्याहूनही अधिक, आणि सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडतो तो वेगळाच. एसटीची पहिली पायरी उंच असते. चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रिया झालेला पाय आधी, हा नियम पाठ असला तरी सहा आठवड्यांच्या आत तिचा मोह टाळावा. खर्च परवडत नसेल तर सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयांतील फिजिओथेरपीचा विचार अवश्य करावा. तेथे गर्दी असते, थांबावे लागते, पण केवळ त्या कारणाने उपचार कमी दर्जाचा मानू नये.

घरच्यांनीच करून घेणे

हा मार्ग अनेकांना नाइलाजाचा वाटतो, आणि नेमके येथेच अभ्यासांचे निष्कर्ष आपल्या समजुतीच्या उलट आहेत. सिडनी येथे गुडघा बदललेल्या १६५ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना दहा दिवस पुनर्वसन केंद्रात ठेवून नंतर घरचा कार्यक्रम दिला, तर इतरांना देखरेखीखालील घरचा कार्यक्रमच दिला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या चालण्यात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. हे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत न झालेले होते आणि घरी असले तरी त्यांच्यावर जाणकारांचे लक्ष होते, या दोन अटी विसरू नयेत. त्यामुळे राहण्याची सोय असलेल्या केंद्राचा खर्च, मोठी गुंतागुंत नसेल आणि घरी एक तरी धडधाकट माणूस असेल तर, मला आवश्यक वाटत नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धाची गोष्ट निराळी.

घरचा व्यायाम मोजल्याशिवाय करू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन. आमची पद्धत अशी होती. स्वयंपाकघरातल्या खुर्चीचे मागचे पाय फरशीच्या एका सांध्यावर ठेवायचे, आईने त्यावर पाठ टेकून बसायचे, पायमोज्याखाली दुधाच्या पिशवीचे प्लॅस्टिक ठेवून पाऊल हळूहळू खुर्चीखाली मागे सरकवायचे, आणि जिथे थांबेल तिथे अंगठ्यासमोर खडूची रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी ती रेघ ओलांडायची. काही दिवशी बोटभर पुढे, काही दिवशी तिथेच, तर लग्नाला आलेल्या पाहुण्यांत दोन दिवस गेल्यावर चार बोटे मागे, असा तो फरशीवरचा हिशेब होता. अंशांच्या आकड्यांपेक्षा आईला तो अधिक पटायचा. दर आठवड्याला मॅडम पट्ट्यांच्या कोनमापकाने खरे अंश मोजत. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, नंतर पाय उंच ठेवून कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवायचा, आणि दुसऱ्या सकाळी सूज आदल्या दिवसापेक्षा जास्त असेल तर व्यायाम प्रमाणाबाहेर झाला असे समजून थोडी माघार घ्यायची.

या मार्गात धोका असतो तो घरच्या उत्साहाचा. आमच्या ओळखीतल्या एका घरी मालीश करणाऱ्याने तिसऱ्या आठवड्यात 'एकदाच दुखेल' म्हणून गुडघा जोर लावून वाकवला. तो सुजून टणक झाला आणि आठ-दहा दिवसांचा व्यायाम बंद पडला. हळद सांगलीची असली तरी तिचा लेप न भरलेल्या जखमेवर लावू नये, आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत तेलही नको.

भाड्याचे यंत्र

ज्याला सर्वजण सीपीएम म्हणतात, ते यंत्र पाय पाळण्यात ठेवल्यासारखा धरून सावकाश वाकवते आणि सरळ करते. सांध्याला सतत हालचाल देण्याची ही कल्पना टोरांटोचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट सॉल्टर यांची. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिचा सर्रास वापर पुढे सुरू झाला. शेजारच्या काकांकडे ते तीन आठवडे होते. काका त्यावर पाय ठेवून वर्तमानपत्र वाचत, आणि अडचण तीच आहे, कारण यंत्र चालू असताना मांडीचा स्नायू काहीच करत नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता या यंत्राने गुडघ्याच्या वाकण्यात सरासरी अवघ्या २ अंशांची भर पडते असे दिसले, म्हणजे फरशीवरच्या आमच्या बोटभर अंतराइतकीही नाही. ज्यांना व्यायामाची फारच भीती वाटते त्यांना पहिल्या दिवसांत त्याने धीर येतो, एवढे मान्य करावे. भाड्याचे पैसे मी फिजिओथेरपिस्टच्या चार जादा भेटींवर खर्च करीन.

तर कोणी काय निवडावे?

गावाकडे राहणाऱ्यांनी पहिले तीन आठवडे आठवड्यातून दोन-तीन वेळा घरी फिजिओथेरपिस्ट बोलवावेत, घरातल्या एकाने सगळे व्यायाम त्यांच्याकडून नीट शिकून घ्यावेत, आणि नंतर आठवड्यातून एकदा दवाखान्यात जाऊन मोजमाप व पुढचे व्यायाम घ्यावेत. शहरात राहणाऱ्यांनी टाके निघाल्यावर सरळ दवाखाना धरावा. ज्यांचा गुडघा शस्त्रक्रियेपूर्वीच फार आखडलेला होता, त्यांनी मात्र केवळ घरच्या व्यायामावर विसंबू नये.

कोणताही मार्ग घेतला तरी सहाव्या आठवड्याची तपासणी चुकवू नये. तोपर्यंत गुडघा ९० अंशांच्याही अलीकडे अडकलेला असेल, तर भूल देऊन तो वाकवण्याचा पर्याय डॉक्टर सुचवू शकतात. आतल्या चिकटलेल्या ऊती सैल असतात तोवरच त्याचा चांगला उपयोग होतो. तीन महिन्यांनंतर तो कमी होतो आणि हाड मोडण्यासारखे धोके वाढतात. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आले, ताप भरला, किंवा काल वाकत होता तेवढाही गुडघा आज वाकेना, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता शल्यचिकित्सकांकडे जावे. श्वास लागला किंवा छातीत दुखले तर तडक जवळचे रुग्णालय गाठावे.

ज्यांची तारीख अजून ठरलेली नाही, त्यांनी ती ठरवताना पावसाळाही पाहावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा रस्ते बंद झाले. अशा दिवसांत ना फिजिओथेरपिस्ट घरी येऊ शकत, ना रुग्ण दवाखान्यात जाऊ शकत. जुलैची तारीख मिळत असेल आणि दुखणे तोवर सोसण्याजोगे असेल, तर दिवाळीनंतरची घ्यावी, आणि मधल्या महिन्यांत मांडीच्या स्नायूचा व्यायाम आतापासूनच सुरू करावा.